खाऱ्या पाण्यातला ऐन

वखारीत दोन गोष्टींचा ढीग कुणी न घालता होतो. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान आंघोळीच्या चुलीला तरी जातो. किस्से कोण नेणार? ते साचतच राहतात.

जुन्नरला रूपचंद शेठच्या लाकडाच्या वखारीत मी बारा वर्षं रोज संध्याकाळी बसलो. माझा लाकडाशी संबंध म्हणाल तर छडीपुरता, कारण मी मराठी शाळेत मास्तर. शाळा सुटली की पाय आपोआप वखारीकडे वळायचे. शेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे बैठक चार ते सहा. किस्सा कितीही रंगात आलेला असो, सहाच्या सुमारास शेठ उठायचे. “राहिलेला उद्या,” म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच सुरू करायला लावायचे!

विसावं शतक लागून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाच्या या गोष्टी. समुद्र आमच्यापासून तीन दिवसांच्या पायवाटेवर, आणि आमच्यातल्या एकानंही तो बघितलेला नव्हता. तरी ते अख्खं वर्ष आम्ही समुद्रातल्या एका किड्याच्या नादात काढलं.

*

आधी शेठ. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठ जन्मले जुन्नरात आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. पंचाईत एवढीच, की त्यांच्या धर्मात झाडं तोडायचा धंदा बसत नाही, आणि वडील मागे ठेवून गेले ती नेमकी लाकडाची वखार! शेठनी आपल्यापुरता तोडगा काढला. लाकूड विकायचं, पण लाकडातला जीव मारायचा नाही.

भिरुडाची अळी लाकूड आतून पोखरते. दुसऱ्या वखारींत तिच्यावर उकळतं तेल ओतायचे. आमचे शेठ अळी लागलेला ओंडका उचलून एका कोपऱ्यात ठेवायला लावायचे. त्या कोपऱ्याला आम्ही ‘धर्मशाळा’ म्हणायचो.

एकदा पारगावचं एक गिऱ्हाईक नेमकं धर्मशाळेतल्या सागावर अडून बसलं.

“शेठ, ह्योच द्या.”

“तो गेलेला आहे.”

“कुणाला दिला?”

“आत राहतात त्यांना!”

माणूस बिलंदर. त्यानं ओंडक्याला कान लावला. आत कुरकुर चालू होती.

“लई जण हायेत की वो!” म्हणाला, आणि मुकाट्यानं दुसरं लाकूड घेऊन गेला.

*

दुसरे बाळोबा मिस्त्री. वखारीचे सुतार. बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे. या निकालावर अपील नाही! जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत घर बांधायचं म्हटलं की लोक आधी मुहूर्त काढायचे आणि मग मिस्त्रींना विचारायचे. काही जण आधी मिस्त्रींना विचारायचे.

त्यांचा एक नियम होता. झाड तोडलं की ओंडका कुकडीच्या डोहात दगडाखाली बुडवायचा. पाचेक महिने तसाच ठेवायचा, मग सावलीत सुकवायचा. पाण्यानं लाकडातला गोडवा निघून जातो, आणि गोडवा गेला की कीड फिरकत नाही. ही त्यांच्या आजापणजापासूनची रीत. “पाण्यात न्हाई गेलं ते लाकूड न्हाई, सरपण हाय,” असं ते म्हणायचे, आणि खरंच, त्यांनी बसवलेल्या तुळईला कधी कीड लागलेली मी तरी पाहिली नाही.

डिंगोऱ्याचा एक शेतकरी आला. त्याला घर उठवायची भारी घाई. म्हणाला, “मिस्त्री, भिजवायला टाइम न्हाई. हाय तसंच द्या.”

मिस्त्रींनी रंधा थांबवला.

“तुला पोरगं झालं म्हनं?”

“व्हय, औंदाच.”

“किती म्हयन्यांनी?”

“आता किती म्हंजी? नऊ.”

“तवा घाई केली व्हतीस का?”

माणूस डोकं खाजवू लागला.

“मी तर पाचच मागतोय!” मिस्त्री म्हणाले, आणि रंधा पुन्हा चालू झाला.

*

दिवाळी होऊन गेल्यावर हिराजी तांडेल वर आला. कल्याणच्या खाली खाडीकाठचा कोळी. नाणेघाट चढून, विचारत विचारत वखारीत पोचला. शेठनी त्याच्यापुढे उत्तम सरळसोट साग मांडला. त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तो गेला चुलीसाठी काढून ठेवलेल्या वाकड्यातिकड्या फांद्यांच्या ढिगाकडे, आणि एकेक फांदी डोळ्यासमोर धरून बघायला लागला.

मिस्त्री माझ्या कानात म्हणाले, “मास्तर, ह्यो माणूस येवढा घाट चढून सरपण न्यायला आला काय?”

मग उलगडा झाला. घराला सरळ लाकूड लागतं, होडीला वाकडं. होडीच्या पोटाच्या बरगड्या जन्मानंच वाकलेल्या लाकडाच्या कराव्या लागतात, आणि त्यालाही ऐनाच्या झाडाचं चिवट लाकूड असलं तर बरं. आमच्याकडे तळेघरचा कोंडाजी बैल घेऊन लाकूड आणायचा, तो तिथंच बसला होता. त्याचं स्वतःच्या मालकीचं थोडं रान होतं, भीमाशंकराच्या अंगाला.

“वाकडाच ऐन पायजे?” कोंडाजी म्हणाला. “मंग आमच्याकडं सरळ हायेच काय!”

हिराजीची पहिली होडी किड्यानं खाल्ली होती. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होड्यांवर जायचा. नारळी पौर्णिमेला आपली स्वतःची होडी पाण्यात घालायची, एवढंच त्याच्या मनात होतं. तो किडा कसला ते त्यानं आपल्या कोळी बोलीत, मधल्या ‘ड’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करत सांगितलं आणि आम्ही सगळे तोंडाकडे बघत राहिलो.

“हाताएवरा लांब. आंग मऊ, शेंबरावानी. पन तोंडाला दोन शिंपल्या. त्या घासून घासून लाकूर खातो. वरनं बगाल तं टाचनीएवरं भोक, आन् आत सगला पोकल.”

मिस्त्री खो खो हसले. “पाण्यात किडा? आवो पावणं, पाण्यात किडा मरतो म्हनून तर आमी लाकूड बुडवतो!”

“तुमचा मरतो, मिस्त्री. आमचा पान्यातच जगतो.”

“तुमच्या लाकडात गोडवा ऱ्हात आसंल.”

शेठना त्यात वेगळाच रस. शिंपल्या म्हणजे दोन इंद्रियांचा जीव, असा त्यांनी आपल्या धर्माप्रमाणे हिशेब लावला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, “काय हो, त्याला डोळे असतात का?”

“डोले आसते तं माजीच होरी कशाला खाल्ली आसती, शेठ? शेजारी येवरी मोठी जहाजं उभी व्हती!”

निघताना मिस्त्रींनी ऐनाच्या एका फांदीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर हिराजीला शब्द दिला. “माझा ऐन तुज्या नातवाच्या कामी येईल. न्हाई आला तर वाकस हातात धरनार न्हाई.” वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. ते ठेवलं की सुतारानं करायचं काय?

*

लाकूड निघालं, पण त्या साली पावसानं हात आखडता घेतला होता. कुकडीच्या डोहात गुडघाभर पाणी. भिजवायचं कुठं? मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला आणि कोंडाजीला ऑर्डर दिली. “न्हेऊन थेट तिकडंच बुडव. तिकडं पाण्याला काय तोटा हाय? दारातच समिंदर!”

हिराजीला एक कार्ड टाकायचं होतं, की लाकूड निघालंय, दारापुढच्या पाण्यात ठेवायला सांगितलंय. काम माझ्याकडे होतं. नेमकं त्याच आठवड्यात शाळेचं इन्स्पेक्शन आलं. कार्ड माझ्या कोटाच्या खिशात राहिलं. आठवण झाली तोवर मला वाटलं, आता काय, लाकूड पोचलंसुद्धा असेल. मास्तर लोकांना दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईत दिसतात, स्वतःच्या दिसत नाहीत.

पौषात कोंडाजी परत आला. हिराजी भेटला नव्हता, दुसऱ्याच्या होडीवर लांब गेला होता. बायको माहेरी गेलेली, घराला कडी. कोंडाजीनं दारासमोर चिखलात लाकूड रुतवून रचलं, वर दगड ठेवले आणि पाणी बघत बसला.

“लई चमत्कारिक गाव,” तो सांगू लागला. “पाणी रोज पळून जातंय, आन् रोज परत येतंय! मी दोन दिवस बसून बगितलं. म्हनलं, एकदा गेलं आन् आलंच न्हाई तर लाकूड कोरडं ऱ्हायाचं.”

सगळे हसले. माझ्यातला मास्तर जागा झाला. मी चंद्र, पृथ्वी, भरती, ओहोटी असं अर्धा तास समजावून सांगितलं. दोन सुपाऱ्या आणि एक नारळ घेऊन! कोंडाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते आसंल वो मास्तर. पर पाण्यात कुनीतरी लई मीठ सांडलंय.”

आम्ही आणखी हसलो. हिराजीचा किडा त्या खारट पाण्यातच राहतो, हे त्या अख्ख्या बैठकीत एकालाही आठवलं नाही. भूगोल शिकवणाऱ्यालाही नाही.

*

फाल्गुनात हिराजीचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘लाकूड अद्याप पोचले नाही. वाट पाहतो आहे. मिस्त्रींना रामराम.’

“पोचलं न्हाई?” मिस्त्री कोंडाजीवर उखडले. “कुटं टाकलंस रं?”

“त्याच्याच दारात. पाण्यात.”

मिस्त्रींना हसू आलं. “बगा मास्तर! लाकूड दारात, आन् ह्यो गावभर हुडकतोय!” आणि मला मजकूर सांगितला. मी लिहिला. ‘लाकूड तुमच्या दारापुढच्या पाण्यातच आहे. तीन महिने होत आले, समुद्राच्या पाण्यात एवढे पुरे, आता पक्के झाले असेल. काढून सावलीत सुकवावे.’

हे कार्ड मात्र मी त्याच दिवशी पोस्टात टाकलं. कसा तत्पर माणूस!

*

चैत्रात हिराजी स्वतःच वर आला. खांद्यावर ओलं पोतं, हातात खाडीच्या पाण्यानं भरलेली कळशी. दर मुक्कामाला त्यानं पोत्यावर पाणी मारलं होतं. पोत्यातून त्यानं ऐनाचा हातभर तुकडा काढला आणि मिस्त्रींपुढे ठेवला. 

तुकडा वरून चांगला दिसत होता. टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं, बस्स. मिस्त्रींनी सवयीनं पेरानं ठोकलं. कान लावला. परत ठोकलं. मग वाकस घेतला आणि एका घावात तुकडा उभा फोडला. घाव घालायचीसुद्धा गरज नव्हती. पापड मोडावा तसा तो मोडला.

आत लाकूड नव्हतंच. नुसत्या नळ्या. प्रत्येक नळीला आतून पांढरा चुना दिल्यासारखा थर, आणि त्यात एकेक मऊ, लांब, जिवंत प्राणी. तोंडाशी खरंच दोन शिंपल्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

कोंडाजीनं वाकून बघितलं. “चुना हाय,” म्हणाला. “म्हंजी तंबाकू बी खात आसनार.”

एरवी या वाक्यावर वखार हशानं दणाणली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मिस्त्री मात्र तुकड्याकडे बघतच राहिले. बोटानं एकेक नळी तपासली. मग हळूच म्हणाले, “मास्तर, काम बगा. येवढी भोकं, पर एकाचं भोक दुसऱ्यात गेलं न्हाई. शेजाऱ्याच्या भिताडाला धक्का न्हाई लावला कुनी. आन् आमी सोताला कारागीर म्हनवतो.”

एवढं बोलून ते उठले. वाकस पुसला, खुंटीला टांगला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले, पण कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांची बायको पारूबाई वखारीच्या दाराशी येऊन मला म्हणाली, “गुरुजी, तुमी तरी सांगा त्यास्नी. घरात पाट डुगडुगतोय, तर म्हनत्यात सुतार बोलवून घे!”

मी काय सांगणार? माझ्या कोटाच्या खिशात ते जुनं कार्ड अजून होतं. ते वेळेवर गेलं असतं तर हिराजी होडीवर गेलाच नसता, पहिल्याच आठवड्यात त्यानं लाकूड बाहेर काढलं असतं. मला रात्रंदिवस लाज वाटत होती, आणि मी ती कुणाला सांगत नव्हतो.

*

हिराजी रागावला नव्हता. ते जास्त वाईट होतं. दोन दिवस वखारीतच राहून दम घेतला आणि म्हणाला, “मी जातो. लाकूर आता दुसरीकरं बगीन. तुमच्यावर राग नाय, पन तुमचा ऐन नको.”

तो निघाला आणि शेठनी त्याला अडवलं. शेठचा जीव त्या तुकड्यात अडकला होता. मिस्त्रींनी घाव घातला तेव्हा एक फाळकं वेगळं झालं होतं, बाकीच्या तुकड्यात किडे जिवंत होते, आणि हिराजीची कळशी संपत आली होती.

“हे इथं राहिले तर मरतील,” शेठ म्हणाले. “यांना परत पोचवायला हवं.”

“कुनाला?”

“या जीवांना.”

हिराजीला वाटलं शेठ थट्टा करताहेत. शेठ थट्टा करत नव्हते. वाटेसाठी खारं पाणी लागेल म्हणून त्यांनी घरून मीठ मागवलं. घागरभर पाणी घेतलं. मीठच घालायचं होतं, तरी आधी ते फडक्यानं गाळून घेतलं! मग मूठ मूठ मीठ पडू लागलं, आणि चव बघायला अख्ख्या जुन्नरात माणूस एकच.

“बघा हो तांडेल.”

“आलनी हाय.”

आणखी एक मूठ.

“आजून.”

आणखी एक.

“आता समिंदर जाला,” हिराजी तोंड पुसत म्हणाला, आणि मग त्याचा बांध फुटला. “पन शेठ, ह्यानी माजी होरी खाल्ली! दुसऱ्या होरीचं लाकूर खाल्लं! आन् मी ह्याला घरी पोचवू?”

शेठ शांतपणे म्हणाले, “त्यानं त्याचं खाणं खाल्लं. त्याच्या पानात वाढलं कुणी? आपण.”

कोपऱ्यात बसलेले मिस्त्री उठले. वखारीत तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले.

“शेठ, मी न्हेतो. जिवंत पोचवतो. शब्द हाय माझा.”

*

शाळेला सुट्टी लागली होती. मीही निघालो. का ते मिस्त्रींना नाणेघाटाच्या पायऱ्यांवर सांगितलं. खिशातलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत माझ्या खिशात घातलं.

“कार्ड तुमचं ऱ्हायलं. बुडवायची अक्कल माझी,” म्हणाले. “चला. पोतं वाळाया लागलंय.”

हिराजी आमच्या पुढं पुढं चालला होता. तीन दिवसांत आमच्याशी दहा शब्द बोलला असेल. खाडी जवळ आली तसा तो मागं पडला. आधी दहा पावलं, मग वीस. मला आधी कळेना. मग कळलं. ज्या माणसानं गावात किडा परत आणलाय, त्याच्याबरोबर कुठल्या कोळ्याला दिसायचं असतं?

खाडीला भरती होती. मिस्त्रींनी एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं. पण ते बघत थांबले नाहीत. सरळ काठाला गेले, पोतं उघडलं आणि वाकले. तेवढ्यात शेजारच्या होडीतून एक जण ओरडला.

“ओ पावनं! काय सोरताय?”

मिस्त्रींना खोटं बोलता येत नव्हतं. “किडा हाय. लाकडातला. जुन्नरास्नं आनलाय.”

तो माणूस होडीतून उडी मारूनच बाहेर आला! “माज्या होरीजवल नाय! पुरं जा!”

पुढं गेलो. तिथं दुसरी होडी, दुसरा मालक. “इतं नाय!” त्याच्या पुढं तिसरी. साऱ्या काठाला होडी नाही अशी हातभर जागा नव्हती. मिस्त्री तुकडा छातीशी धरून चाललेत, वरून मी मिठाचं पाणी शिंपडतोय, आणि मागं माणसं वाढताहेत. जगात किडा विकत आणणारे वेडे असतील, पण किडा परत करणारा हा पहिलाच, अशा नजरेनं बायका दारातून बघत होत्या. शेवटी वीसएक जणांनी आम्हाला घेरलं.

“जालून टाका त्यो तुकरा!” एक म्हातारा म्हणाला. आणि कुणीतरी मागं उभ्या असलेल्या हिराजीला विचारलं, “हिराजी, तुज्याच वाटंनी आले ना ह्ये? कोन हायेत?”

“वाटंवर भेटले,” हिराजी म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

मिस्त्रींनी ते ऐकलं. मीही ऐकलं. एक जण तुकडा ओढायला पुढं आला, तसा मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी कवटाळला. बंडी भिजून अंगाला चिकटली होती. आवाज चढवला नाही त्यांनी.

“राव, माझा एक शब्द ह्याच पाण्यात गेला,” ते म्हणाले. “ह्ये जिवंत सोडीन म्हनून शेठला दुसरा दिलाय. त्यो तरी ऱ्हाऊ द्या.”

 कुणी बाजूला झालं नाही. पाणी काठाला लागत होतं, तेवढाच आवाज.

मग गर्दीतून वाट काढत हिराजी पुढं आला. त्यानं तुकड्याचं दुसरं टोक धरलं.

“चला,” म्हणाला.

त्याच्या दारापुढं होडी बांधायचे चार खांब रोवलेले होते. मधली जागा रिकामी. खाली पाण्यात कोंडाजीनं रचलेलं लाकूड अजून पडून होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

“आरं, तुज्या जाग्यावर?” म्हातारा ओरडला. “उद्या तुजी होरी कुटं लागनार?”

हिराजी न थांबता पाण्यात उतरला. दोघं कमरेएवढ्या पाण्यात गेले. मिस्त्रींनी तुकडा बाकीच्या लाकडांत नीट बसवला. हलू नये म्हणून वर दगड ठेवला. एक हलका वाटला म्हणून दुसरा ठेवला. घाई केली नाही. हिराजी शेजारी उभा राहून त्यांचे हात बघत होता.

दोघं निथळत बाहेर आले. गर्दी तशीच उभी होती. तेवढ्यात घरातून हिराजीची बायको दारात आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं गर्दी बघितली, मला बघितलं, ओल्याचिंब मिस्त्रींना बघितलं आणि विचारलं, “कोन पावनं आलंत?”

सगळी माणसं हिराजीकडे बघायला लागली. त्यानं धोतराचा सोगा पिळला. पुन्हा पिळला.

“जुन्नरचं आपलं मिस्त्री हायेत,” तो म्हणाला. “नव्या होरीची मापं घ्यायला आलंत. भात जास्ती टाक.”